शर्यत पाहणाऱ्याचा दिवस

आदिलाबाद शहराजवळ निजामी अमलातील एक जुनी विमानपट्टी आहे. ती भारतीय हवाई दलाकडे असून कित्येक दशके तेथून विमानांची नियमित ये-जा झालेली नाही. २०२५ साली तेथे नागरी विमानतळ करण्याच्या प्रस्तावाला पुन्हा चालना मिळाली. विमानपट्टी अशी निजलेली असली तरी आदिलाबादवरून जाणारा नागपूर-हैदराबाद रस्ता कधी निजला नाही. पूर्वी त्याला सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत, आता तो चव्वेचाळीस क्रमांकाचा झाला आहे. याच हैदराबाद संस्थानात १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारबसची वाहतूक सुरू केली होती. म्हणजे धावपट्टी होती, रस्ता होता, मोटारीही लवकर आल्या. आणि जैनथच्या लक्ष्मीनारायणाच्या कार्तिकातील उत्सवासाठी कोसच्या कोस चालत येणारा बघ्या तर त्या सर्वांच्या आधीपासून होता. मोटारशर्यतींच्या इतिहासात मात्र अशाच दुसऱ्या धावपट्ट्यांची आणि दुसऱ्या रस्त्यांची नावे नोंदली गेली.

त्या इतिहासात चालकांची नावे आहेत, गाड्यांची आहेत, मिनिटा-सेकंदांचे हिशेब आहेत. पहाटे उठून, शिदोरी बांधून, दिवसभर उन्हात उभे राहून जो ही शर्यत पाहतो, त्याची नोंद बहुधा एका आकड्यात उरकली जाते: ‘प्रेक्षक अमुक हजार’. त्याने काय पाहिले, तो कोठे उभा होता, आणि तेथे त्याला कोणी उभे केले, हे प्रश्न किरकोळ वाटतात. ते किरकोळ नाहीत हे पुढे दिसेल.

मोटारींची पहिली शर्यत सार्वजनिक रस्त्यावर झाली. १८९४ साली पॅरिस ते रुआँ आणि १८९५ साली पॅरिसहून बोर्दो व परत, अशा त्या आरंभीच्या धावा. प्रेक्षक रस्त्याच्या कडेला उभा असे, आणि धूळ खाली बसली की घरी जाई. १९०३ साली पॅरिस ते माद्रिद अशी शर्यत निघाली. तिच्यात चालकांबरोबर रस्त्याकडेची माणसेही दगावली, आणि फ्रेंच सरकारने ती बोर्दो येथेच थांबवली. पुढे १९०७ साली इंग्लंडात सरे परगण्यात ब्रुकलँड्स येथे केवळ शर्यतींसाठी बांधलेला काँक्रीटचा मार्ग उघडला. तेथील व्यवस्थापकांपुढे नमुना होता तो घोड्यांच्या शर्यतीचा. आरंभी चालकांनी घोडेस्वारांसारखे रंगीत रेशमी अंगरखे घालावेत अशीसुद्धा प्रथा ठेवली होती! आज आपल्याला हसू येते; पण त्या उसन्या रीतीबरोबर एक महत्त्वाची गोष्टही आली. घोड्यांच्या शर्यतीत पाहणाऱ्यासाठी कुंपणाआडची, तिकीट काढून मिळणारी, ठरलेली जागा असते. मोटारीच्या प्रेक्षकाला तशी जागा प्रथम तेथे मिळाली.

दुसऱ्या महायुद्धाने ब्रुकलँड्स कायमचे बंद केले. पण युद्धानेच इंग्लंडभर शेकडो विमानतळ मागे ठेवले. त्यांपैकी सिल्व्हरस्टोन येथील बॉम्बफेकी विमानांच्या तळावर २ ऑक्टोबर १९४८ रोजी मोठी शर्यत झाली. धावपट्ट्या आणि तळाभोवतीचा रस्ता हाच मार्ग, गवताचे भारे हीच भिंत, आणि प्रेक्षकाला अडवायला दोऱ्या. त्याच वर्षी गुडवुड येथील लढाऊ विमानांच्या तळाभोवतीही शर्यती सुरू झाल्या. युद्धातून परतलेल्या, यंत्रावर हात बसलेल्या तरुणांना जुन्या गाड्या स्वस्तात मिळाल्या, ओसाड तळ मिळाले, आणि त्यातून क्लबांच्या शर्यती वाढल्या.

क्लबची शर्यत म्हणजे काय, हे येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पाहणाऱ्याची खरी मौज तीत आहे. मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत दोन तास एकच झुंज चालते. क्लबच्या दिवशी आठ-दहा लहान शर्यती एकामागून एक होतात, दहा-पंधरा फेऱ्यांत एकेकीचा निकाल लागतो. सकाळी गाड्यांची तपासणी. परीक्षक ब्रेक पाहतो, चाके हलवून पाहतो, गळणारे तेल पाहतो आणि नापसंत गाडी बाजूला काढतो. मग सराव, सरावातील वेळेनुसार सुरुवातीच्या ओळीत जागा ठरते. दुपारी शर्यती. मार्गाच्या कडेला ठिकठिकाणी निशाणवाले उभे असतात: पिवळे निशाण पुढे धोका आहे म्हणून, निळे निशाण मागून वेगवान गाडी येत आहे म्हणून, काळे निशाण अमुक चालकाने परत यावे म्हणून, लाल निशाण सर्वांनी थांबावे म्हणून, आणि शेवटी काळ्या-पांढऱ्या चौकटींचे. ही भाषा अर्ध्या तासात कळू लागते. ती एकदा कळली की नुसता आवाज आणि धूळ यांच्या जागी कथा दिसू लागते.

दोन शर्यतींच्या मध्ये प्रेक्षक गाड्यांच्या तळावर हिंडू शकतो. तेथे एखादा दुकानदार किंवा डॉक्टर आपल्याच गाडीखाली पालथा पडून पाना फिरवीत असतो, त्याचा भाऊ टायर ओढीत असतो, घरची माणसे डबा उघडून बसलेली असतात. नाटकाच्या पडद्यामागे जाण्याची मुभा ज्या खेळात पाहणाऱ्याला मिळते असे खेळ थोडे. आणि ही मुभा शर्यत जितकी श्रीमंत होते तितकी आक्रसत जाते.

त्यातही टूरिंग गाड्यांची शर्यत लोकांना अधिक जवळची. टूरिंग गाडी म्हणजे केवळ शर्यतीसाठी घडवलेले एका माणसाचे यंत्र नव्हे. चार दारांची किंवा दोन दारांची, छपराची, गृहस्थाची गाडी. आतील बैठका काढून, पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवून, यंत्र वाढवून ती धावते. पण बाहेरून ती तीच दिसते, जिच्यातून आपण लग्नाला आणि देवदर्शनाला गेलेलो असतो. इंग्लंडात अशा गाड्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५८ साली सुरू झाली आणि जॅक सिअर्स हा पहिला विजेता ठरला. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. दहा वर्षांनी ते आपल्याला महाराष्ट्राच्या रस्त्यावर पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडेही हीच वाट चोखाळली गेली. कलकत्त्याजवळ बराकपूरला, मुंबईत जुहूला आणि मद्रासच्या उत्तरेस शोलावरम येथे विमानपट्ट्यांवर शर्यती झाल्या. यांत शोलावरमचे नाव सर्वांत मोठे. महायुद्धातील तो तळ; १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तेथे शर्यतींचा पाया घातला आणि तीन दशकांहून अधिक काळ देशभरातील हौशी चालक तेथे जमत राहिले. गोंडलचे राजघराणे तेथे उतरले, कलकत्त्याचा किनी लाल तेथे गाजला, पुढे विजय मल्ल्या आणि कोइमतूरचे एस. करिवर्धन आले. करिवर्धन यांनी मारुतीचे साधे यंत्र घेऊन स्वस्त शर्यती गाड्या बांधल्या आणि सामान्य घरातील मुलांना दार उघडून दिले. ही कामगिरी राजेरजवाड्यांच्या जग्वार गाड्यांपेक्षा मोठी, असे माझे मत आहे.

पण शोलावरमला जमणाऱ्या हजारो प्रेक्षकांना ओळखीची वाटे ती फियाट. ती मूळची इटलीची; परंतु मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनत असे, आणि तो कारखाना उभा केला सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी, १९४४ साली. हीच गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली, हीच मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. फियाट, अँबॅसेडर आणि हेरल्ड यांची झुंज लागली म्हणजे प्रेक्षकांत आपोआप पक्ष पडत. ज्याच्या घरी जी गाडी, किंवा ज्याच्या साहेबाकडे जी गाडी, त्याचा तो पक्ष! परदेशी गाडी कितीही वेगाने गेली तरी तिच्याविषयी असा जिव्हाळा कोठून यावा? १९९० साली श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे क्लबचा स्वतःचा मार्ग तयार झाला आणि शोलावरमचे पर्व संपले.

विमानपट्टीवर सावली नसते, उंचवटा नसतो. दूरची गाडी मृगजळात थरथरताना दिसते, आणि नीट पाहायचे तर जवळ जावे लागते. जवळ जाण्याची ही ओढ साऱ्या जगात सारखीच आहे. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ल मां येथे चोवीस तासांच्या शर्यतीत पियेर लव्हे याची मर्सिडीज दुसऱ्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे तुकडे मुख्य प्रेक्षागारासमोरच्या गर्दीत घुसले. चालकासह ८० हून अधिक माणसे मेली. मार्गाच्या आणि माणसांच्या मध्ये तेथे मातीचा एक ठेंगणा बांध होता. शर्यत थांबवली नाही. लाखोंची गर्दी एकदम बाहेर पडली तर रुग्णवाहिकांचा रस्ता अडेल, असे कारण दिले गेले. त्या घटनेनंतर स्वित्झर्लंडने आपल्या देशात मंडलमार्गावरील शर्यतींवर बंदी घातली. दोनच वर्षांनी, १२ मे १९५७ रोजी, इटलीतील ‘मिल्ले मिलिया’ या हजार मैलांच्या रस्त्यावरील शर्यतीत गुइदित्सोलो गावाजवळ एक फेरारी टायर फुटून प्रेक्षकांत शिरली. दोन्ही स्वार आणि नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नऊंत पाच लहान मुले होती. ती शर्यत त्या वर्षाबरोबर संपली.

देवाच्या रथोत्सवात वाढलेल्या वाचकांना यातील मर्म वेगळे सांगायला नको. माघी जत्रेत मंगेशीचा महारथ निघतो, किंवा आपल्या गावी लहानसा रथ निघतो, तेव्हा रथ ओढणारे, चाकाखाली लाकडी पाचर सरकवणारे आणि बाजूला उभे राहणारे यांच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात. पाचर धरणारा माणूस मिरवणुकीत कोणाला दिसत नाही; पण त्याचा हात चुकला तर काय होते हे गावातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. मोटारशर्यतीला ही शहाणीव नव्याने, आणि फार महाग, मिळवावी लागली.

आता महाराष्ट्राच्या रस्त्याकडे येऊ. १९६८ साली लंडनहून सिडनीपर्यंत मोटारींची एक विलक्षण शर्यत निघाली. लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’ व सिडनीच्या ‘डेली टेलिग्राफ’ या पत्रांनी ती पुरस्कृत केली होती. पहिले बक्षीस दहा हजार पौंडांचे. मार्ग आखणारा संघटक-सचिव होता तोच जॅक सिअर्स. सहभागी गाड्या बहुतेक गृहस्थी वळणाच्या होत्या: हिलमन, ऑस्टिन, फोर्ड, सित्रोएन. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी ९८ गाड्या लंडनहून सुटल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून त्या दिल्लीला आल्या, आणि तेथून आग्रा-मुंबई रस्त्याला लागल्या.

ज्या रस्त्याला आपण आग्रा रोड म्हणतो तोच हा. इंदूर सोडून नर्मदा ओलांडावी, सातपुडा उतरावा, तापी ओलांडावी, धुळे, मालेगाव, नाशिक करीत कसाऱ्याच्या घाटातून ठाण्याकडे यावे. मराठी मुलखाचा केवढा पट्टा! एरवी या रस्त्यावर बैलगाड्या, मालमोटारी, एस. टी. च्या गाड्या आणि सप्तशृंगीला निघालेले यात्रेकरू. त्या डिसेंबरच्या आरंभी याच रस्त्याने परदेशी चालक रात्रंदिवस धावत आले. दिल्ली ते मुंबई हे अंतर पार करायला त्यांना एक दिवसही पुरता दिलेला नव्हता.

चालकांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत भारतातील गर्दीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. गावागावांत माणसे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी दाटून उभी. मधोमध एका गाडीपुरती वाट उरलेली. गाडी आली की ती वाट उघडे आणि गाडी गेली की मिटे. परक्यांना याची धास्ती वाटली, आणि ते साहजिक आहे. येथे ना कुंपण होते, ना दोरी, ना निशाणवाला. पण मला यात आणखी काही दिसते. पालखी येते तेव्हा आपल्या गावातील माणसे अशीच उभी राहतात, आणि ती जवळ आली की अशीच दुभंगतात. हे कोणी कवायतीने शिकवलेले नसते. त्या गर्दीला कोण पहिला आणि कोण विसावा याच्याशी कर्तव्य नव्हते. मुंबईला पोहोचेपर्यंत रॉजर क्लार्कची फोर्ड कॉर्टिना सर्वांत पुढे होती हे रस्त्याकडेच्या किती जणांना कळले असेल? लांबून आलेले काही दारावरून जात आहे, ते पाहावे, मुलाला खांद्यावर घेऊन दाखवावे, एवढेच. याला आपण दर्शन म्हणतो. या सवयीत गोडी आहे, पण भरवसा किती ठेवावा? पालखी माणसाच्या पावलाने चालते. गुइदित्सोलोच्या शेतकऱ्यांनाही आपली मुले रस्त्याकडे नेताना हेच वाटले असणार.

मुंबईला ७२ गाड्या पोहोचल्या. ५ डिसेंबरच्या पहाटे ‘चुसान’ ही आगबोट त्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाकडे निघाली. पुढची कथा आपल्या रस्त्याबाहेरची असली तरी सांगितली पाहिजे. १७ डिसेंबरला, शेवट अवघ्या काही तासांवर आला असताना, बेल्जियमचा ल्युसियाँ बियांकी आणि फ्रान्सचा जाँ-क्लोद ओझिए यांची सित्रोएन सर्वांत पुढे होती. नाउरा गावाजवळ समोरून एक मिनी गाडी आली. तिचा शर्यतीशी काही संबंध नव्हता. टक्कर झाली, बियांकी जबर जखमी झाला, हातातला विजय गेला. मागून येणारा पॅडी हॉपकर्क घटनास्थळी पोहोचला. तो गाडी थांबवून मदतीला उतरला. अखेर अँड्र्यू कॉवन याची हिलमन हंटर पहिली आली आणि हॉपकर्क दुसरा. ९८ पैकी ५६ गाड्या सिडनीला पोहोचल्या. म्हणजे ज्या भारतीय गर्दीची इतकी धास्ती घेतली होती तिच्यातून आघाडीच्या गाड्या सुखरूप गेल्या, आणि घात झाला तो ऑस्ट्रेलियातल्या एका निवांत रस्त्यावर.

आदिलाबादच्या माणसाला नामांकित मोटारशर्यत जवळात जवळ लाभली ती यानंतर अर्ध्या शतकाने, तीनशे किलोमीटरवर. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या गाड्यांची जागतिक शर्यत, फॉर्म्युला ई, भरली. २.८३ किलोमीटरचा, अठरा वळणांचा मार्ग शहरातील नेहमीच्या रस्त्यांतूनच काढला होता. फ्रान्सचा जाँ-एरिक व्हेर्न जिंकला. मार्गाच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे ठोकळे आणि त्यांवर उंच पोलादी जाळी. प्रेक्षक तिकीट घेऊन प्रेक्षागारात. ल मांचा धडा येथे पूर्णपणे गिरवलेला होता, आणि त्याविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. फक्त त्या दिवशी तळावर जाऊन पाना फिरवणाऱ्या दुकानदाराशी बोलण्याची सोय नव्हती, आणि जाळीतून पाहिलेल्या गाडीला गुणगुणण्याएवढाच आवाज होता. पुढच्या वर्षी ठरलेली शर्यत राज्यात सत्तांतर झाल्यावर रद्द झाली.

तेव्हा आदिलाबादकडचा शेतकरी शर्यत पाहायला निघतो तो बहुधा अजूनही शंकरपटाला. विदर्भातील तळेगाव दशासरचा पट तर प्रसिद्धच आहे. हलक्या छकड्याला जुंपलेली बैलजोडी, तिच्यावर धुरकरी, नांगरून-चोपून केलेली सरळ धावपट्टी, आणि सेकंदाच्या अंशापर्यंत मोजलेली वेळ. येथेही क्लबच्या शर्यतीसारखीच जवळीक असते: धाव सुरू होण्याआधी जोडीजवळ जावे, बैलाच्या पाठीवर हात ठेवावा, मालकाला त्याचे नाव विचारावे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना पुन्हा परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या मान्य केल्या. या नऊ वर्षांच्या वादाचा केंद्रबिंदू बैल होता, आणि तो असणेच योग्य. मुक्या जनावराच्या बाजूने दुसरे कोण बोलणार? पण धावपट्टीच्या शेवटच्या टोकाला, जेथे जोडी आवरायची असते, नेमके तेथेच लोक सर्वांत दाट उभे राहतात, आणि त्यांच्या जागेविषयी त्या वादात फारसे कोणी बोलले नाही.

आदिलाबादपुरती आणखी एक गंमत. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे भाग या जिल्ह्यातून तत्कालीन मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्रात राहिले आणि २०१४ साली तेलंगणात आले. घटनापीठाने मान्य केलेल्या दुरुस्त्यांत तेलंगणाची दुरुस्ती नाही. त्यामुळे महाराष्ट्राच्या कायद्याने मिळालेली मुभा पैनगंगेच्या उत्तर तीरापर्यंतच. दक्षिण तीरावरील मराठी माणसाने पट पाहायचा तर शिदोरी बांधून पहाटे पूल ओलांडावा, दिवसभर उन्हात उभे राहावे, आणि दिवेलागणीला परतावे.